आप्पा सोलापूर बघायला यायचे

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या घाईत, एका पायात चप्पल घालून दारात उभी होते. फोन महेशचा होता, आप्पांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा. "शैलाताई, आप्पा गेले," तो म्हणाला. "सकाळी न्याहारी केली, हात धुतला, वट्ट्यावर उन्हाला जाऊन बसले… आन् बसल्या जागीच." अशा वेळी माणसं कसं झालं, कधी झालं असं काहीतरी विचारतात. माझ्या तोंडून निघालं, "पोटभर खाल्लं होतं का रे?" महेश हसता हसता रडायलाच लागला. "व्हय गं. आई नको म्हणत हुती तरी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली." मग मीही रडले. पण खरं सांगते, त्या रडण्यात दुःखाइतकंच समाधान होतं. या गोष्टीला आता महिना होत आला. ज्यांनी आप्पांना पाहिलेलं नाही त्यांना माझा तो प्रश्न विचित्र वाटेल, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आप्पा माझे चुलते. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा माझे आईवडील पाठोपाठ गेले आणि आप्पांनी मला उचलून आपल्या घरात आणलं. वैरागच्या पेठेत त्यांचं भुसाराचं दुकान होतं. तूरडाळीच्या पोत्यावर बसून मी पाढे पाठ केले आणि चुकले की आप्पा तिथूनच गिऱ्हाइकासमोर ओरडायचे. माणूस अंगानं आडवा, आवाजानं खडा आणि जेवणाचा भारी शौकीन. ताटावर बसले की ताटाशीच बोलायचे. वांग्याला म्हणायचे, "तू थांब जरा, आधी ठेच्याला भेटून येतो." काकू कपाळाला हात लावायची. माझं लग्न सोलापूरच्या श्रीकांतशी ठरलं तेव्हा आप्पांचा आनंद गगनात मावेना. मुलगा चांगला, घर चांगलं, हे सगळं होतंच, पण पेठेत ज्याला त्याला सांगत सुटले, "लई जवळ दिली पोरगी. यष्टीत बसायचं, डोळा लागायच्या आत सोलापूर."

आता रीत सांगते. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत माहेरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या घरी जेवायचं नसतं. मला ही रीत माहीत नव्हती असं नाही. पण ती सख्ख्या बापाला असते, चुलत्याला नसते, असं मी आपलं स्वतःच्या सोयीनं ठरवून टाकलं होतं. लग्नानंतर आप्पा पहिल्यांदा आले तेव्हा मी पहाटेपासून खपून येसर आमटी, भरली वांगी, बाजरीचे उंडे आणि काय काय करून ठेवलं. आप्पा आले, पाय धुतले, छातीभरून वास घेतला आणि म्हणाले, "वास तर झ्याक सुटलाय." मी पाट मांडला, ताट ठेवलं. आप्पांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम श्रीकांतकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुमचा किल्ला कुटं आला? मला किल्ला बगायचाय." बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. श्रीकांत बिचारा नवा जावई, त्याला वाटलं सासऱ्याला इतिहासाची आवड आहे. तो लगेच रिक्षा बघायला धावला. मी ताट झाकून ठेवलं आणि तोंड फुगवून मागोमाग निघाले.

भुईकोटाच्या बागेत एका झाडाखाली आप्पांनी बसकण मारली आणि पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली. वर शेंगाची चटणी आणि कांदा. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही चुलते आहात. तुम्हाला कुठं आलीय ही रीत?" त्यांनी कांदा बुक्कीनं फोडला आणि म्हणाले, "चुलता कोण? मी बाप हाय तुझा. मग बापाचं पथ्य बी मलाच की." राग यावा असं बोलणं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांच्याच भाकरीतला चतकोर मोडून घेतला आणि खाल्ला. त्या दिवसापासून मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आप्पांनी माझ्या घरी, माझ्या हातचं, ताटावर बसून जेवावं. आज ना उद्या ते होईल, वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, असं तेव्हा वाटत होतं.

वर्ष-दोन वर्षं कसली… मूल काही होईना. आणि आप्पांचं येणं काही थांबेना. त्यांना माझ्याशिवाय करमायचं नाही, आणि दुपारची वेळ माझ्या घरात काढायची चोरी. मग दरवेळी काहीतरी बघायचं निघायचं. सिद्धेश्वराचं देऊळ झालं, तळं झालं, हिप्परग्याचा तलाव झाला. तुळजापूर झालं, नळदुर्ग झालं, अक्कलकोटला तर आम्ही इतक्यांदा गेलो की तिथल्या फुलवाल्या बाईनं मला माहेरवाशीण समजून हळदीकुंकू लावलं. काही बघायचं उरलं नाही तेव्हा आप्पा नवी पेठेत दुकानांच्या पाट्या वाचत हिंडले आणि तिथंच उभ्याउभ्या भजी खाल्ली. किल्ल्यातल्या तोफा त्यांनी इतक्यांदा पाहिल्या की पुढे पुढे ते इतर पाहुण्यांनाच माहिती सांगायला लागले. ती माहिती सगळी त्यांच्या मनाची असायची. एकदा पुण्याच्या एका कुटुंबाला त्यांनी सांगितलं की ह्या तोफेचा गोळा थेट मोहोळात पडायचा. मी हळूच म्हटलं, "आप्पा, मोहोळ किती लांब आहे!" तर म्हणाले, "मग? तोफ काय लहान हाय व्हय?"

नान्नजचं माळढोक अभयारण्य तर मी जन्मात विसरायची नाही. वैरागहून येताना नान्नज वाटेतच लागतं, तेव्हा आप्पांनी मला आणि श्रीकांतला तिथंच बोलावून घेतलं. माळढोक दिसणं म्हणजे नशिबाचा भाग. आम्ही उन्हातान्हात माळ तुडवला, काळवीटं दिसली, आणि लांब गवतात काहीतरी हललं. आप्पा ओरडले, "त्यो बगा!" तिथला वनरक्षक म्हणाला, "आजोबा, लांडोर आहे ती." आप्पांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि परत जाऊन सगळ्या वैरागात आपण माळढोक पाहिल्याचं जाहीर केलं. शेवटपर्यंत त्यांनी तो माळढोक सोडला नाही. जेवण मात्र त्या दिवशीही फडक्यातलंच, बाभळीच्या अर्ध्या सावलीत.

घरी आले की त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. मीठ पडलं की ते जेवण, आणि मीठ नाही ते जेवण नाही. त्यामुळे चहा चालायचा, दूध चालायचं, गूळ-शेंगदाणे चालायचे, आणि ते असे चालायचे की डबाच्या डबा रिकामा व्हायचा. मी एकदा बिनमिठाची खिचडी करून पुढे ठेवली. म्हटलं, घ्या, तुमच्याच शास्त्राप्रमाणे आहे. आप्पा इतके हसले की ठसका लागला. "बिनमिठाचं मी खात न्हाय," म्हणाले, "त्यो काय दवाखाना हाय?" मी तेव्हा हसले खरी, पण स्वयंपाकघरात गेल्यावर डोळे भरून आले. प्रत्येक वेळी ते उठून बाहेर जेवायला निघाले की बघणाऱ्याला कळायचं, ह्या बाईला मूल नाही. आप्पांना ते कळत होतं आणि म्हणूनच तर ते किल्ला-तळं करत होते. कुणी विचारलंच तर सांगायला बरं, की आमच्या आप्पांना फिरायची फार हौस.

एका वर्षी मात्र ही युक्ती फसली. आप्पा आले त्या दिवशी शहर बंद. रिक्षा नाही, दुकानं नाहीत, बाहेर पडायची सोय नाही. बारा वाजले, एक वाजला. आप्पा खिडकीतून रस्ता बघतायत, मी आमटी पुन्हा पुन्हा गरम करतेय. शेवटी माझा धीर सुटला. म्हटलं, "आप्पा, आज कुठंही जाता येणार नाही. बसा मुकाट्यानं ताटावर." ते उठले, पिशवी घेतली आणि दार उघडून सरळ जिन्यात जाऊन पायरीवर बसले. मी दारात उभी राहून बघतच राहिले. म्हणाले, "जिना सोसायटीचा हाय न्हवं? सगळ्यांचा सामायिक. तुझा एकटीचा न्हाय." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मी आत येऊन भांडी आपटायला लागले. तेवढ्यात श्रीकांतनं गुपचूप दोन ताटं वाढून घेतली, एक माझ्या हातात दिलं आणि स्वतः जाऊन आप्पांच्या खालच्या पायरीवर बसला. मग मीही गेले. आप्पा त्यांची भाकरी खातायत, आम्ही आमची आमटी-भाकरी खातोय, वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई पाण्याची कळशी घेऊन आमच्यातून वाट काढत विचारतायत, "घरात रंगकाम काढलंय का?" आप्पा म्हणाले, "न्हाय, हवा छान हाय हितं." त्या जिन्यात हवा म्हणून कधी नव्हती.

त्याच दिवशी, भाकरी संपल्यावर, आप्पांनी पहिल्यांदा मला मनातलं सांगितलं. "शैले, मला काय रीत लई प्यारी हाय असं न्हाय गं. पर आक्का म्हणती, बाप अगुदर जेवला तर लेकीची कूस उघडत न्हाय. खरं असंल, खोटं असंल… मी घास खाल्ला आन् तुझं काय ऱ्हायलं, तर मी कुणाला तोंड दाखवू?" आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, मोहोळची आमची आत्या. इतकी वर्षं मला वाटायचं की आप्पा लोकांना भितात. ते तर माझ्या न जन्मलेल्या पोरासाठी कोरडी भाकरी खात होते, आणि तेही समोर भरलेलं ताट असताना, आप्पांसारखा खाणारा माणूस! मी त्या दिवसानंतर त्यांना जेवा म्हणून कधी म्हटलं नाही.

दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, नवससायास झाले. त्याबद्दल लिहीत नाही, ज्या बायकांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. शेवटी मी आणि श्रीकांतनं बसून ठरवलं की आता पुरे. थांबायचं. ठरवल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं, पण उलट हलकं वाटलं. फक्त आप्पांना कसं सांगायचं याची धास्ती होती. त्या थंडीत ते आले तेव्हा आम्ही कुडलला गेलो, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथं एक पिंड आहे, तिच्यावर शेकडो मुखं कोरलेली. आप्पा तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "एवढ्या तोंडांना निवद किती लागत आसंल गं!" मग आम्ही नदीच्या काठाला बसलो. त्यांनी फडकं सोडलं आणि मी सांगून टाकलं. "आप्पा, आम्ही आता थांबवलंय. मूल होणार नाही. मला त्याचं आता वाईट वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका."

आप्पांच्या हातात भाकरी होती ती त्यांनी फडक्यावर परत ठेवली. त्यांनी अर्धवट टाकलेली भाकरी मी तेवढी एकदाच पाहिली. मग म्हणाले, "म्हंजी आता वाट बगायची न्हाय." मी म्हटलं, "नाही." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे, "मग मी कशाची वाट बगतोय?" स्टँडवर गाडीत चढताना एवढंच म्हणाले, "सोलापूर सगळं बगून झालं गं माझं." गाडी गेली. मला वाटलं, आता हे यायचेच नाहीत. यायचं तर काहीतरी बघायचा बहाणा लागतो, आणि तो तर मीच काढून घेतला होता. पुढचे कितीतरी महिने आप्पा आलेही नाहीत. फोन केला की दुकानाचं, बाजारभावाचं बोलायचे आणि ठेवून द्यायचे.

त्याच वर्षी आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला आणि वास्तुशांत ठरवली. माहेरच्या सगळ्यांना आमंत्रण गेलं. मोहोळहून आक्का आत्या दोन दिवस आधीच फोनवर हजर. "आमच्या माणसांची सोय बाहेर कर बरं का. वैरागची माणसं तुज्या घरी जेवायची न्हाईत, तुला ठावं हाय." मी ऐकलं. श्रीकांतनं जवळच्याच एका हॉटेलात माहेरच्या मंडळींचं जेवण सांगून ठेवलं. आपल्याच वास्तुशांतीला आपलं माहेर हॉटेलात जेवणार, या विचारानं मला पुरण वाटवेना. पण वाटलं. गॅसपुढे उभी राहून मनाशी म्हटलं, खाणारे खातील, न खाणाऱ्यांच्या नावानं देवापुढे नैवेद्य दाखवू.

पूजा आटोपली. हॉलमध्ये पंगत मांडली, सासरची मंडळी बसायला लागली, आणि आक्का आत्यानं दारात उभं राहून माहेरच्यांना हाक दिली, "चला रे, हॉटेलात चला, तितं ताटं वाढलीत." माणसं उठली. आप्पा मागे राहिले. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, धोतराचा सोगा सावरला आणि पंगतीतल्या अगदी पहिल्या ताटावर जाऊन मांडी घातली. मी पुरणपोळ्यांची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, ती तशीच. आप्पांनी ताटाकडे पाहिलं आणि मला हाक मारली. "शैले, ती परात ठिव. आधी मीठ वाढ."

माझ्या हातातून परात कुणी घेतली ते आठवत नाही. मिठाची वाटी घेऊन मी आले, वाकले, ताटात मीठ वाढलं. चिमटीऐवजी मूठभरच पडलं. आप्पांनी त्यातलं बोटावर घेऊन जिभेला लावलं. आक्का आत्या दारातून ओरडली, "आप्पा! आरं काय केलंस ह्ये! पोरगीला आजून लेकरू न्हाय!" आप्पांनी मान वर केली. आवाज नेहमीचाच, पेठेत भाव सांगतानाचा. "आक्का, मी कुणाच्या लेकराकडं जेवाय आलो न्हाय. मी माझ्या लेकीकडं आलोय. लेक ही काय, समोर उभी हाय. आजून कुणाची वाट बगू?" आणि मग सगळ्या माहेरच्यांकडे बघून, "ज्याला हॉटेलात जायचं त्यो जाऊ दे. पोळ्या कमी पडल्या तर मला कमी पडाय नकोत, म्हणून सांगतो."

महेश पहिला आला आणि त्यांच्या शेजारी बसला. मग काकू आली. काकू पंगतीत पुरुषांबरोबर आयुष्यात कधी बसली नव्हती, पण त्या दिवशी बसली. एकेक करत वैरागची सगळी माणसं परत आली आणि हॉटेलात नुसती ताटं राहिली. आप्पांनी त्या दिवशी सगळ्या वर्षांचं उट्टं काढलं. पोळी मागितली, आणि मागितली, तुपाची धार थांबवू नको म्हणाले, भज्यांना म्हणाले, "तुमची गाठ लई दिवसांनी पडली." कटाची आमटी दोनदा घेतली आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे करत सगळ्यांसमोर म्हणाले, "आमटीत मीठ जरा कमी हाय बरं का, शैले." मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता! बापानं लेकीच्या स्वयंपाकाला नाव ठेवायला आधी तो खावा लागतो. मी तिथंच उभी राहून रडले, हसले, आणि कुणाच्या ताटात काय वाढलं याचं मला काही भान राहिलं नाही. आक्का आत्या शेवटपर्यंत खुर्चीवर बसून राहिली, पाण्याला शिवली नाही. निघताना मात्र तिनं चार पोळ्या मोहोळच्या नातवंडांसाठी म्हणून पिशवीत टाकल्या. नातवंडं त्या वेळी पुण्यात होती, हे आम्ही कुणीच बोललो नाही.

त्यानंतर आप्पांनी सोलापूर बघायचं सोडूनच दिलं. पुढची सगळी वर्षं ते फक्त जेवायला यायचे. मीच कधी म्हणायचे, चला आप्पा, किल्ल्यावर जाऊ, बाग छान केलीय आता. तर म्हणायचे, "कशाला ती तंगडतोड? त्यो किल्ला काय खायला घालतो?" यायच्या आदल्या दिवशी फोनवर भाजी ठरायची आणि ती बदललेली त्यांना खपायची नाही. आणि परत गेले की स्टँडपासून दुकानापर्यंत जो भेटेल त्याला सांगायचे, की लेकीकडं जेवून आलो. काय जेवलो, किती जेवलो, सगळं. भावकीत नावं ठेवणारे कमी नव्हते. आप्पा त्यांनाही तेच सांगायचे, उलट जास्त रंगवून. मला वाटायचं, हा त्यांचा माळढोकासारखाच थाट आहे, सांगू देत.

गेल्या रविवारी दुपारी आमच्या दारावरची बेल वाजली. दारात साठीचे एक गृहस्थ, हातात टोपी. वैरागला पेठेच्या तोंडाशी त्यांचं पंक्चरचं दुकान. मी त्यांना ओळखत नव्हते, ते मला आप्पांमुळे ओळखत होते. आत आले, पाणी घेतलं, आप्पांबद्दल दोन शब्द बोलले आणि मग टोपी फिरवत बसून राहिले. मला वाटलं काही अडचण असावी. शेवटी म्हणाले, "ताई, एक विचारू का? आप्पा सांगायचे त्ये खरं हाय का? तुमच्याकडं जेवायचे म्हणून?" मी म्हटलं, "खरं की. पोटभर." त्यांनी आवाज खाली आणला. "त्याच्यानंतर काय… वंगाळ तर न्हाय ना झालं?" मी म्हटलं, "झालं ना. आमचा तेलाचा डबा लवकर संपायला लागला." ते हसले नाहीत. "आन् लेकरू?" त्यांनी विचारलं. आता खोटं कशाला बोलू? "लेकरू नाही झालं," मी म्हटलं. "आप्पा जेवले, एवढं झालं. मला ते फार मोठं होतं."

त्यांनी मान डोलावली. मग त्यांची गोष्ट बाहेर आली. त्यांची लेक रूपाली इथंच, विजापूर रोडला राहते. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. हे येतात, दारातनंच बोलतात, उपाशी परत जातात. "आज घरातनं ठरवून निघालो, आज जेवायचंच," ते म्हणाले. "पर तिच्या कोपऱ्यावर आलो आन् पाय उचलंना. म्हणून आधी हिकडं आलो. तुमी तिला फोन लावता का? माझ्यानं बोललं जायचं न्हाय." मी फोन लावला. कोण, कुठली हे सांगितलं आणि म्हटलं, "तुझे वडील तुझ्याकडे जेवायला येतायत." तिचा आवाज चिरकला. "जेवायला? …जेवायलाच म्हणाले का, ताई?" मी म्हटलं, जेवायलाच. तशी ती एकदम घाईला आली. "आवो, नुसता भात टाकलाय मी! त्यांना जरा तितंच थांबवून ठेवा. काहीतरी दाखवा त्यांना. ते तळं हाय की तुमच्याजवळ, ते दाखवा. तवर मी पीठ मळते."

मी त्यांना स्कूटरवर बसवलं आणि संभाजी तलावावर घेऊन गेले. काठाला उभी राहून मी सांगायला लागले, हे बगळे बघा, थंडीत इथं बाहेरदेशीचे पक्षी येतात, पलीकडे पूर्वी कमळं फुलायची. माझा आवाज मलाच आप्पांसारखा वाटायला लागला होता, मी बहुतेक दोन-चार गोष्टी मनच्याही सांगितल्या असतील. ते मात्र तळ्याकडे पाठ करून उभे होते आणि विजापूर रोडकडे बघत होते. मी थांबले तेव्हा ते वळले.

"ताई, तळं झ्याक हाय," ते म्हणाले. "पर त्ये काय पळून जात न्हाय. चला की आता, पोरीनं तव्यावर भाकरी टाकली आसंल."

मी स्कूटरला किल्ली लावली.